एमा फ्रॉस्टसोबतचा रविवार

आज दुपारी ‘एक्स-मेन’ या म्युटंटांच्या, म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या माणसांच्या, अमेरिकन कॉमिकचे जुने अंक काढून बसले, ते थेट दिवेलागणीला उठले. त्यातल्या एमा फ्रॉस्टने पुन्हा एकदा पकडून ठेवलं.

१९८०च्या १२९व्या अंकात ती पहिल्यांदा आली, हेलफायर क्लब या श्रीमंतांच्या गुप्त टोळीची व्हाइट क्वीन म्हणून. त्याच अंकात किटी प्राइड ही शाळकरी म्युटंट मुलगीही आली, आणि एमा लगेच त्या पोरीला आपल्या शाळेत ओढायला बघते! दुसऱ्याच्या मनात शिरायचं, हवं तसं वळवायचं. पक्की खलनायिका.

मग १९९१मध्ये तिचे विद्यार्थी, हेलियन्स, मारले जातात. तिथून तिची बाजू बदलते. पुढे ती बॅन्शी या जुन्या एक्स-मनसोबत ‘जनरेशन एक्स’ या म्युटंट गटाच्या मुलांना शिकवते. नंतर एक्स-मेनमध्ये येते, आणि मध्येच नॉर्मन ऑस्बॉर्न या खलनायकाच्या गुप्त बैठकीतही जाऊन बसते. लोक तिला संधिसाधू म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ती पक्ष बदलते, पण मुलांना सोडत नाही.

आज सगळ्यात जास्त वेळ जेनोशाच्या, म्हणजे म्युटंटांच्या बेटाच्या, पानांवर थांबले. सगळं बेट बेचिराख झालंय आणि ढिगाऱ्यातून एमा बाहेर येते. अंग हिऱ्याचं झालंय म्हणून ती वाचली, पण हातात तिच्या विद्यार्थिनीचा मृतदेह आहे. हिऱ्याच्या रूपात तिला कुणाचंही मन वाचता येत नाही.

त्या पानावर चहा पार गार झाला. मी शिक्षिका आहे, उद्या सकाळी सातला माझा आठवीचा वर्ग आहे.