न बसलेला रंग

लहानपणी मी माझ्या वडिलांच्या नखांच्या कडा पांढऱ्या पाहिल्याच नाहीत. कधी मरून, कधी निळ्या, दिवाळीच्या आधी तर दोन्ही. नान्ना सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका डाईंगमध्ये ३१ वर्षं सूत रंगवत होते. चादरीचं सूत, टॉवेलचं सूत. लडी काठीवर टाकायच्या, हौदात बुडवायच्या, फिरवायच्या, वर काढायच्या. संध्याकाळी ते घरी आले की आधी डाईंगच्या रसायनांचा वास यायचा, मग ते यायचे.

अशा घरातली मी. तरी गेल्या वर्षी मुलाची विटलेली काळी जीन्स रंगवायची ठरवली तेव्हा नान्नांना विचारलं नाही. ते झोपले होते, आणि मला वाटलं, एवढ्यासाठी काय उठवायचं. दुकानातून रंगाची पुडी आणली, पातेल्यात पाणी उकळलं, मीठ घातलं, जीन्स तासभर त्यात ठेवली. काळीभोर निघाली. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, साठवलेलं पाणी पुरवायचं होतं, म्हणून दोनदाच खळबळली आणि वाळत टाकली.

चार दिवसांनी मुलगा ती घालून माझ्या जावेकडे गेला. घामाचे दिवस. त्यांच्या फिक्या रंगाच्या सोफ्यावर तो जिथे बसला होता तिथे निळसर काळा ठसा उमटला आणि तो आजतागायत पूर्ण गेलेला नाही. जाऊबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

मग जीन्स नान्नांपुढे ठेवली. त्यांनी कोपरा पाण्यात बुडवला, पांढऱ्या रुमालानं जोरात घासला आणि रुमाल मला दाखवला. "अम्मा, हा रंग बसलाय कुठं? नुसता येऊन थांबलाय." (आमच्याकडे घरात तेलुगू बोलतात, लेकीलाही लाडानं अम्माच म्हणतात.)

हा लेख त्या एका वाक्यावर आहे. घरी कपडा रंगवणं अवघड नाही. जो रंग बसला नाही तो काढून टाकणं, हे अवघड, आणि बहुतेक लोक नेमकं तेच करत नाहीत.

त्या पुडीत होता तो डायरेक्ट रंग. असा रंग गरम पाण्यात मिठाच्या जोरावर सुताला चिकटतो, पण ती पकड ढिली असते. घाम आला, पाणी लागलं की सुटतो. डाईंगमध्ये सुतासाठी आणखी एक जात वापरतात, रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची. १९५६ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीनं 'प्रोसिऑन' नावानं हे रंग पहिल्यांदा बाजारात आणले. यांची गोष्ट वेगळी. सोडा घातला की हा रंग कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंधानं जोडला जातो. जोडला की तो धाग्याचाच भाग. पण एक मेख आहे. सोडा पडला की तो जसा कापसाला धरतो तसा पाण्यालाही धरतो. पाण्याला धरलेला रंग मग कापसाला कधीच जोडला जात नाही, तो नुसता कपड्यात अडकून बसतो. नान्ना म्हणतात, "कापूस गाठला तर संसार, पाणी गाठलं तर संपलं." जावेच्या सोफ्यावर जसा डायरेक्ट रंग उतरला, तसा हा अडकलेला रंगही उतरू शकतो, जर तो धुऊन काढला नाही तर.

या रंगांत कोल्ड ब्रँड म्हणून जो प्रकार मिळतो त्याला तीस ते चाळीस अंशांचं पाणी पुरतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून तेवढं पाणी आपोआप मिळतं. सोलापूरच्या उन्हाबद्दल चांगलं बोलायची संधी क्वचित मिळते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

दुसऱ्या वेळी नान्ना खुर्ची घेऊन गच्चीवर बसले आणि मी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांचा पहिला हुकूम वजनाचा. कोरडी जीन्स किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणली, ६४० ग्रॅम. रंग कपड्याच्या वजनावर मोजायचा, बादलीच्या अंदाजानं नाही. निळा, मरून यांसारख्या गडद छटेला शंभराला तीन-चार ग्रॅम पुरतो, काळ्याला मात्र सहा तरी लागतो. म्हणजे ३८ ग्रॅम. पाणी वजनाच्या वीसपट, १३ लिटर. मीठ लिटरला ६० ग्रॅम, सोडा अ‍ॅश लिटरला २०. हे आकडे नान्नांनी एका दमात सांगितले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालीत त्यांना.

मीठ मी स्वस्त म्हणून खड्याचं आणलं होतं. परत पाठवलं. खड्याच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यानं रंग मळकट होतो. तेच कारण बोअरच्या पाण्याचं. आमच्या बोअरचं पाणी कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतं, ते पाणी रंगाला नको. म्हणून रंगकाम ठरतं ते नळाच्या पाण्याच्या दिवशी. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, त्या दिवशी पहाटे घरातलं सगळं भरून झालं की चार बादल्या रंगासाठी वेगळ्या. सोड्याचंही सांगते. खाण्याचा सोडा चालत नाही, तो कमी तीव्र असतो. धुण्याच्या सोड्याचे खडे चालतात, पण त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे सोडा अ‍ॅशच्या पावणेतीनपट घ्यावे लागतात. केमिकलच्या दुकानात सोडा अ‍ॅश सुटा मिळतो, तोच घ्यावा. आणि भांडं अ‍ॅल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो. प्लास्टिकची बादली उत्तम, जिच्यात पुन्हा कधी पिण्याचं पाणी भरायचं नाही अशी.

पुडी उघडताना नान्नांनी मला तोंडावर रुमाल बांधायला लावला आणि पंखा बंद करवला. या रंगांची भुकटी श्वासात गेली तर काहींना दम्यासारखा त्रास लागतो. त्यांच्या बरोबरच्या एकाला लागला होता. डाईंगमध्ये त्यांना रुमाल बांधायला कुणी सांगितलं नव्हतं. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि मी काही बोलू शकले नाही. हातमोजेही घाला. रंग कातडीवरून जातो, पण नखांच्या कडांतून नाही, हे मी बघत मोठी झाले आहे.

जीन्स आधी साबणाच्या पाण्यात धुऊन ओलीच ठेवायची. रंग कोमट पाण्यात विरघळवून बादलीत. मग कपडा. मीठ तीन हप्त्यांत, दर पाच-सात मिनिटांनी. मिठामुळे रंग पाणी सोडून सुताकडे सरकतो. अर्धा तास हलवत राहायचं, खिसे उलटे काढून, पायाच्या आत हात घालून. इथे आळस केला की डाग पडतात. मग सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कपडा बाजूला करून, बादलीत ओतायचा. कपड्यावर थेट कधीच नाही. पुढे तास-दीड तास, अधूनमधून हलवत. एकदा सोडा पडला की ते पाणी उद्यासाठी ठेवून उपयोग नाही, त्यातला रंग मेलेला असतो.

आता खरं काम. आधी गार पाणी, चार वेळा, पाचव्यांदा. मीठ आणि सोडा कपड्यात असेपर्यंत अडकलेला रंग सुटत नाही, म्हणून आधी ते दोन्ही घालवायचे. मग गरम पाणी आणि साबण. डाईंगमध्ये याला सोपिंग म्हणतात आणि तिथे पाणी खळखळ उकळतं. या जीन्सच्या आत लेबलावर ९८ टक्के कापूस आणि २ टक्के इलास्टेन लिहिलं होतं. इलास्टेन म्हणजे ताणणारा धागा, त्याला उकळी सोसत नाही. म्हणून हात घालवणार नाही इतकं गरम पाणी, पण उकळतं नाही, आणि एकाऐवजी तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं. पहिलं पाणी शाईसारखं निघालं. माझा जीव खाली-वर. सगळा रंग चालला की काय! नान्ना म्हणाले, "जाऊ दे. जो जाणार तो आपला नव्हता."

तिसऱ्या पाण्यात त्यांनी जुन्या धोतराची बोटभर पट्टी फाडून जीन्सबरोबर टाकली. पट्टी पांढरी निघाली तर काम झालं. फिकी राखाडी निघाली. चौथं पाणी तापवलं.

जीन्सबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती बाकी कपड्यांसारखी नसते. जाड सुती कापड आपल्याला नवं नाही. इंग्रजीतला डंगरी हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला, तिथलं जाडंभरडं कापड त्या नावानं ओळखलं जायचं. डेनिममध्ये उभे धागे तेवढे रंगवलेले असतात, आडवे पांढरेच, म्हणून जीन्स आतून फिकी दिसते. निळ्या जीन्सचे उभे धागेही नुसते वरून निळे असतात, गाभा पांढरा. कारण नीळ पाण्यात विरघळतच नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोज नावाचं रसायन घालून तिला विरघळवावं लागतं, त्या हौदाचं पाणी पिवळट हिरवं असतं. धागा वर काढला की हवेनं डोळ्यांदेखत निळा होतो. नान्नांनी मला सातवीत असताना हे दाखवलं होतं, मी हौदाच्या काठावरून हलायला तयार नव्हते. डेनिमचा धागा असा अनेकदा बुडवून काढतात आणि नीळ वरच्या थरातच राहते. गुडघे घासले की पांढरा गाभा उघडा पडतो. (पांढऱ्या कपड्यांना आपण घालतो ती नीळ ही नव्हे. नाव एक, वस्तू दोन.)

नीळ मी घरी करत नाही. कॉस्टिकनं कातडी भाजते आणि हायड्रोजचा वास छातीत बसतो. निळ्या जीन्सवर रिअ‍ॅक्टिव्ह नेव्ही चढवला की काम भागतं. तेव्हा आतली बाजूही निळी होते, कारण आडवे पांढरे धागेही रंग घेतात. काहींना ते आवडत नाही. मला आवडतं. शिलाई मात्र मोहरीच्या रंगाची होती तशीच राहते, तो दोरा पॉलिएस्टरचा असतो.

पॉलिएस्टर या रंगाला दारातच उभं करत नाही. त्याचे रंग वेगळे, डिस्पर्स म्हणतात, त्यांना डाईंगमध्ये बंद मशीनमध्ये १३० अंश देतात. घरी नादाला लागू नये. कपड्याची जात कळत नसेल तर शिवणीतला एक धागा काढून जाळून बघावा. कापूस कागदासारखा जळतो, राख चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

जीन्सनंतर आईचं जुनं इरकल काढलं. अंग सुती, काठ आर्ट सिल्कचे. आर्ट सिल्क म्हणजे व्हिस्कोस, तेही मुळात लाकडाच्या लगद्यातून आलेलं, त्यामुळे ते रंग कापसापेक्षाही अधाशासारखं पितं. अंग वांगी रंगाचं झालं आणि काठ त्याहून दोन छटा गडद. आईनं ते अजून नेसलेलं नाही, पण कपाटात वरच्या घडीवर ठेवलंय.

मग चादर. आमच्या लग्नातली, पांढरी आणि मरून, वापरून वापरून पांढऱ्याचं पिवळं आणि मरूनचं विटकरी झालेली. सोलापुरी चादरीत नक्षी विणलेली असते, छापलेली नाही. एका बाजूला जे मरून ते दुसऱ्या बाजूला पांढरं. त्यामुळे वरून एकच रंग दिला तरी नक्षी बुडत नाही. मी नेव्ही घातला. पांढरं निळं झालं, मरूनचं जवळपास काळं, आणि नक्षीतले मोर जसेच्या तसे. १३०० ग्रॅमची चादर भिजल्यावर मला उचलवेना, मुलगा आणि मी दोघांनी दोन टोकं धरून पिळली. रंगाचं पाणी मोरीत सोडलं. झाडांना घालू नये, मीठ आणि सोड्यानं झाड जातं. सहा पाणी लागली. एवढं पाणी गेलं याचं मला वाईट वाटतं, आणि तरी नवी चादर घेण्यापेक्षा ही राहिली याचं समाधान जास्त आहे.

नान्नांकडे डाईंगची एक वही होती, पानापानावर रंगीत सुताचे तुकडे चिकटवलेले आणि शेजारी टक्केवारी. ती तिकडेच राहिली. मी नवी केली आहे. तिसऱ्या पानावर चादरीची नोंद आहे. वजन १३००, नेव्ही ५२, मीठ दीड किलो, पाणी २६ लिटर, सोडा ५२०. खाली धोतराची पट्टी टाचली आहे. नान्नांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, त्यांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली, उलटी करून पाहिली, आणि म्हणाले, "लिही. पांढरी."