तुम्ही विचारलंत म्हणून: रचलेल्या गोष्टीनं खरं दुःख कसं हलकं होतं?

आमच्या वाचनालयात पुस्तक बदलायला येणारे हे विचारतात. घरातलं कोणी नुकतंच गेलेलं असलं की हमखास. आजवर उत्तर टाळत आलो. आज सांगतो.

आई गेली तेव्हा मी वाटेत होतो. तेरावा झाला, 'आता सावर' म्हणून माणसं पांगली आणि घरात बाबा नि मी उरलो. आमच्यात जेवणापुरतंच बोलणं व्हायचं. त्या दिवसांत मी 'श्यामची आई' काढलं. साने गुरुजींची आई गेली १९१७ साली, आणि पुस्तक लिहिलं गेलं १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. मधली सोळा वर्षं मला फार मोलाची वाटतात. तेराव्याला कोणाला सावरायला सांगू नये.

एवढं थांबूनही ते दुःख त्यांनी श्यामच्या तोंडी दिलं. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की मित्र भोवती बसतात आणि श्याम आईची आठवण सांगतो. म्हणून त्या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हणतात. न्हालेल्या पायांना माती लागू नये म्हणून आईनं धोंडीवर ओचे पसरले, ती एक रात्र. पोहायला जायला घाबरतो म्हणून तिनंच शिंपटीनं मारलं, ती दुसरी. सगळं एकदम सांगून मोकळं व्हायची घाई श्यामला नाही. आई जाणार हे ऐकणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं, तरी ते रोज येऊन बसतात. प्रार्थनेला लागूनच ही गोष्ट का येते, ते मला तिथं कळलं.

मी बाबांना रोज एक रात्र वाचून दाखवू लागलो. ते डोळे मिटून ऐकत. आठवड्याभरानं मध्येच म्हणाले, "तुझ्या आईनंही तुला असंच एकदा बदडलं होतं." मग त्यांच्याही आठवणी निघू लागल्या.

'भस्ममय मूर्ती' ही रात्र आली. श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. माझ्याच्यानं वाचवेना. बाबांनी चष्मा लावला, "दे इकडे" म्हणाले आणि अडखळत पुढचं वाचलं. संपल्यावर मी पहिल्यांदा त्यांना सांगितलं, की फोन आला त्या दिवशी मी काम उरकून रात्रीची गाडी धरली होती, दुपारची सोडून.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "ती विचारत होती, निघाला का रे तो? मी म्हटलं, निघालाय, वाटेत आहे. मग ती शांत पडून राहिली."