नगररचना सल्लागाराकडे पहिलं वर्ष : आधी सातबारा, मग आराखडा

पुण्यात नगररचना सल्लागाराच्या ऑफिसात नव्याने लागलेल्यांचा वेळ चौक आणि बागा रेखाटण्यात जात नाही. तो जातो गावनकाशे जुळवण्यात. ऑफर स्वीकारण्याआधी एवढं विचारा : कामं विकास योजनेची, म्हणजे गावा-शहराच्या पुढच्या वाढीच्या सरकारी आराखड्याची आहेत, की बिल्डरांचे लेआउट मंजूर करून घेण्याची? दुसऱ्या प्रकारात 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लवकर अंगवळणी पडते. पहिल्यात जमिनीचे अभिलेख कळतात. माझं मत पहिल्याच्या बाजूने. नियमावली केव्हाही वाचता येते, गटनकाशा, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांच्या हद्दी दाखवणारा नकाशा, वाचायला कुणी नंतर शिकवत नाही.

गावनकाशाचं स्कॅन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवताना पुण्यासाठी यूटीएम 43 उत्तर ही निर्देशांक पद्धत ठेवा. नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या खुणा, म्हणून जुन्या विहिरी आणि तीन गावांच्या हद्दी मिळतात तिथले दगड घ्या. रस्त्यांचे कोपरे शक्यतो टाळा, रस्ते रुंद झालेले असतात. दहा-बारा बिंदू तरी हवेत, चारही कडांना पसरलेले. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नकाशा बसवण्यासाठी थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत निवडणं. नकाशा दिलेल्या प्रत्येक बिंदूवर ताणून बसवला जातो, त्रुटी जवळपास शून्य दिसते आणि चुकलेला बिंदू लपून राहतो. आधी पहिल्या घाताचं पॉलिनॉमियल लावा (ही पद्धत नकाशा जागोजागी ताणत नाही), ज्या बिंदूची त्रुटी उठून दिसेल तो जागेवर तपासा. 1:5000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 5 मीटर. तेवढ्यात 12 मीटरचा प्रस्तावित रस्ता शेजारच्याच्या घरावरून जातो.

दुसरा घोळ क्षेत्रफळाचा. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, माणसं बोलतात गुंठ्यात. आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा 101.17. फरक किरकोळ वाटतो, पण 39.80 आरची जमीन 3,980 चौरस मीटर भरते, आणि तोच आकडा गुंठे समजून गुणला की 4,027. लेआउटमध्ये 0.4 हेक्टरपासून 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. म्हणजे एका एककाच्या गफलतीने चारशे चौरस मीटर उगाच गेले. सातबारा आणि आकारबंद (मोजणीनुसार क्षेत्र व आकारणीची नोंद) यांचे आकडे जुळत नसतील तर स्वतःच एक निवडू नका. दोन्ही तक्त्यात लिहा, निर्णय वरिष्ठांवर सोडा.

पूररेषा पाटबंधारे खात्याकडून येते. निळी रेषा साधारण 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. गूगलवरचा नदीकाठ पाहून ती ओढणाऱ्याला पहिल्याच बैठकीत पकडतात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली प्रारूप योजना जाहीर झाली, की हरकतींचे गठ्ठे नव्या माणसाच्याच टेबलावर येतात. अर्जात पुष्कळदा जमिनींच्या एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर असतो, नकाशावर गट नंबर. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता आधी तयार ठेवा, नाहीतर सुनावणीच्या आदल्या रात्री तलाठ्याला फोन करत बसाल. एकाच अर्जदाराने तीनदा दिलेला अर्ज तीन हरकती म्हणून नोंदला जातो, तेव्हा नोंदवहीत अर्जदार, गाव आणि गट असे तीन वेगळे रकाने करा.

मुलाखतीला जाताना रंगीत थ्रीडी चित्रांऐवजी एका गावाचा अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा न्या. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा. आणि सगळ्या वापरांची बेरीज गावाच्या एकूण क्षेत्राशी जुळलेली.