एकाच दारावर दोन पाट्या

यंदा न्यू जर्सीहून बेळगावला आलो ते ऐन गणपतीत. तिसऱ्या दिवशी खडेबाजारात आमच्या सीए साहेबांकडे गेलो. माझी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होतानाची उमेदवारी, इथलीच. जिना तसाच अंधारा, कपाटावर लाल कापडात बांधलेली बाडं तशीच. साहेबांनी कुंद्याचा डबा पुढं सरकवला. "काय रे, तुमची फर्म म्हणे कुठल्या फंडवाल्यानं घेतली? बाहेरचा मालक चालतो तिकडं?" आपल्याकडं १९४९ चा सीए कायदा आहे, नफ्यात बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देता येत नाही. त्यांचं आश्चर्य रास्तच होतं.

चालत तिथंही नाही. ऑडिटवर सही करणाऱ्या फर्मची बहुसंख्य मालकी सीपीएंकडंच, म्हणजे तिकडच्या सीएंकडंच लागते. म्हणून फर्मचे दोन तुकडे करतात. ऑडिट सीपीएंकडं ठेवायचं आणि टॅक्स, सल्लागारी वेगळ्या कंपनीत घालायची. फंडाचा, म्हणजे गुंतवणूकदारांकडून गोळा करून कंपन्या घेणाऱ्या-विकणाऱ्याचा, पैसा त्या कंपनीत. दारावर पाट्या दोन, कॉफीचं मशीन एकच. २०२१ साली टॉवरब्रुक या फंडानं आयस्नरअँपर या अकाउंटिंग फर्ममध्ये पैसा घातला, २०२४ ला अमेरिकेतली ग्रँट थॉर्नटन ही फर्म त्याच वाटेनं गेली. सिट्रिन कूपरमन ही फर्म २०२१ मध्ये एका फंडाकडं गेली आणि २०२५ मध्ये तिथून ब्लॅकस्टोन या दुसऱ्या फंडाकडं.

"म्हणजे म्हैस घ्यायची, चार वर्षं पोसायची, की बाजारात उभी," साहेब म्हणाले.

आमच्या म्हशीचं सांगतो. साठीतल्या पार्टनरना मोठी रक्कम रोख मिळाली, वर थोडे शेअर. बदल्यात दरवर्षीच्या नफ्यातला वाटा घटला. त्यांना अजून दोन-तीन वर्षं काढायचीत, चाळिशीतल्यांना वीस. नव्या सॉफ्टवेअरला पैसा आला, हे मात्र खरं. मार्चातले शनिवार पूर्वीही ऑफिसातच जायचे, आताही जातात. सहा-सहा मिनिटांचं टाइमशीट पूर्वीही होतं, पण जुना पार्टनर गिऱ्हाईक बघून बिलातले तास खोडायचा. आता सोमवारी बिलात धरलेल्या तासांचा तक्ता येतो आणि त्यात माझं नाव कधी हिरवं, तास कमी पडले की लाल.

एप्रिलची पंधरा तारीख, म्हणजे तिकडची रिटर्न भरायची मुदत, उलटली आणि हातात यादी पडली: ठराविक फीच्या खालची गिऱ्हाईकं, निरोप द्यायचा. त्यात एक लॉन्ड्रीवाला होता. दर फेब्रुवारीत बुटाच्या खोक्यात कागद घेऊन यायचा. फोन मीच केला. तो रागावला नाही. "मग खोकं आता कुठं नेऊ?" एवढंच विचारलं. मी दोन नावं सांगितली आणि फोन ठेवला. तो कॉलही टाइमशीटवर टाकावा लागला.

रिटर्नं आता बेंगळुरूत तयार होतात, मी फक्त तपासतो. एका रात्री कुणाला तरी इंग्रजीत खरमरीत लिहिलं, के-१ चे, म्हणजे भागीदाराच्या वाट्याचा नफा दाखवणाऱ्या कर-फॉर्मचे, आकडे जुळत नाहीत म्हणून. पलीकडून उत्तर आलं, "जुळवूलालोय सर." आडनाव बघून त्यानं मला ओळखलं होतं. पोरगा खानापूरचा! त्यानंतर के-१ बाजूलाच राहिला, अर्धा तास पावसावर बोललो. तक्त्यात त्याचं नाव त्या आठवड्यात लालच असणार.

हे सांगतोय तोवर शहापूरचा एक साडीवाला पिशवीभर बिलं घेऊन आला. मुलीच्या लग्नापासून सुरुवात झाली, जीएसटीपर्यंत यायला वेळ लागला. साहेबांनी डबा त्याच्यापुढं केला. घड्याळ त्यांच्या पाठीमागं होतं, माझ्या समोर. चोवीस मिनिटं, बिल नाही, असं मी सवयीनं मनात टिपलंसुद्धा.