तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बेसूर इंग्रज म्हाताऱ्याचं काय ऐकते मी?

रियाझाच्या आधी मी हेडफोन लावून काहीतरी ऐकते हे क्लासच्या मुलींना माहितीये, एकदा एकीने कानाला लावून बघितलं आणि म्हणाली, ताई, हा तर बेसूर वाजवतोय! तेव्हापासून कोणी ना कोणी विचारतंच.

तर त्याचं नाव स्टीफन बाल्डविन. जन्म 1873 चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर-हेरफर्डशर पट्ट्यातला खेड्यातला फिडलवाला. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच हो, वेगळं वाद्य नाही. वडील चार्ल्सपण वाजवायचे, गावातल्या मॉरिस नाचाला, म्हणजे तिथल्या पारंपरिक लोकनृत्याला, साथ करायचे, लोकसंगीत गोळा करत फिरणारे सेसिल शार्प त्यांनाही भेटून गेले होते. स्टीफनचं वादन रसेल वॉर्टली नावाच्या माणसाने 1954 मध्ये टेप केलं, तेव्हा आजोबा ऐंशी ओलांडलेले, आणि पुढच्याच वर्षी गेले. एलपी निघाली ती 1976 मध्ये.

आता सुराचं. हो, सूर इकडेतिकडे होतात, नाकारत नाही. पण गजाकडे, म्हणजे तारांवर घासायच्या काठीकडे, कान लावा. मुख्य तारेबरोबर शेजारची खुली तार घासत जाते, ती आपोआप आस धरते, म्हणजे मागे एक सूर गुंजत ठेवते, आणि पुढे त्यावर लय अशी ठासून बसवलेली की एक मात्रा सरकत नाही. हे ऐकायला बसलेल्यांसाठी नाहीच मुळी, नाचणाऱ्यांसाठी आहे. जड बूट घालून नाचणाऱ्यांना तुमची मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणं, कुठे ऐकू येणार, त्यांना फक्त पाय कधी टाकायचा ते कळलं पाहिजे.

त्याची 'कोलफर्ड जिग' मी बसवायला घेतली. जिग म्हणजे तीन-तीनच्या झोक्यात सहा मात्रा, मला वाटलं आपला सहा मात्रांचा दादरा तालच की, यात काय एवढं. मांडी घातली, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवलं, आणि लांब गज ओढत प्रत्येक सुराला घसरत जाऊन भेटले, रेकॉर्ड करून ऐकलं तर नाचाची ट्यून कोणाच्या तरी बाराव्याला वाजवल्यासारखी वाटत होती. मग गज आखडता घेतला, पहिल्या आणि चौथ्या मात्रेला नुसता चावा, मध्ये सोडून द्यायचं. तीन आठवडे गेले त्यात. बोटं वीस वर्षांत जे शिकली ते विसरायला तयारच होत नाहीत!

आणि त्या टेपमध्ये समोर कोणी नाचत नाहीये, तरी म्हातारा नाचणाऱ्यांना सोडत नाही, भाग पहिला दोनदा, दुसरा दोनदा, परत पहिल्यापासून, कुठे घाई नाही. नाचाची फेरी पूर्ण झाली की थांबायचं, बास. मी दरवेळी तिथे तिहाईची, आपल्याकडे शेवटी तीनदा वाजवतात त्या तुकड्याची, वाट बघत राहते.