तुम्ही विचारलंत म्हणून: नऊशेच्या चादरीला एवढं कुरिअर का?

चादर नऊशेची आणि कुरिअरचे शंभराच्या वर? मोठ्या साइटवर तर फुकट येते. कॅश ऑन डिलिव्हरी का बंद केली? गुलबर्गा तुमच्या सोलापूरच्या शेजारी, मग पार्सलला चार दिवस कसे लागतात? फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं की टाळाटाळ केल्यासारखं वाटतं. म्हणून एकदा हिशेबासकट लिहितोय.

कुरिअरवाले वजन आणि जागा दोन्ही पाहतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, गुणायची आणि 5000 ने भागायचं. येतील तितके किलो. काही कंपन्या 5000 ऐवजी आणखी लहान आकड्याने भागतात, म्हणजे वजन अजून वाढतं. आमची सिंगल चादर काट्यावर 1 किलो 300 ग्रॅम. नीट घडी घालून दाबली तर पार्सल 38 × 30 × 8 होतं, म्हणजे 1.82 किलो. बिल अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर जातं, म्हणून लागतात 2 किलोचे. तीच घडी सैल राहून 9 सेंटीमीटर झाली की 2.05, आणि बिल थेट अडीच किलोचं. एका सेंटीमीटरला अर्धा किलो! त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. यातला एक रुपयाही आमच्या गल्ल्यात राहत नाही.

आता ते पार्सल, ज्याच्यामुळे आमचे बहुतेक नियम झाले. पावसाळ्याचे दिवस. उत्तर प्रदेशातल्या एका तालुक्याच्या गावी लग्नाच्या आहेरासाठी सहा चादरी, कॅश ऑन डिलिव्हरी, बिल 5400 रुपये. तीन पदरी खोका, 45 × 35 × 30. काट्यावर 8 किलो 300 ग्रॅम, मापाने 9.45, म्हणजे साडेनऊ किलोचं बिल. खोका निघताना चौकोनी होता; पट्टी लावलेले आणि काट्यावरचे, दोन्ही फोटो आहेत. कुरिअरच्या हबवरच्या, म्हणजे पार्सलं गावागणिक वेगळी करण्याच्या केंद्रावरच्या मशीनने त्याला 48 × 38 × 33 मोजलं. हिशेब केला तर 12.04 किलो, बिल साडेबारा किलोचं. कारण साधं आहे. दमट हवेत तीन पदरी पुठ्ठा नरम पडतो, आत दाबलेलं सूत बाहेर रेटतं, खोक्याला पोट सुटतं आणि मशीन त्या पोटाच्या टोकापासून मोजतं. आम्ही मुदतीत तक्रार टाकली, फोटो जोडले. उत्तरात त्यांनी फुगलेल्या खोक्याचा फोटो पाठवला. दोन्ही फोटो खरे होते. तक्रार बंद.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. मोबाइलवर तीनदा नोंद आली, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. ग्राहक म्हणत होते, घरीच आहोत, फोन आलाच नाही. लग्न होऊन गेलं आणि पार्सल परत फिरलं. परतीचंही बिल साडेबारा किलोचं. त्यात अर्ध्या किलोला 25 रुपये दर होता, म्हणजे एका बाजूचे 625, दोन्ही मिळून 1250 आणि जीएसटी 225. एकूण 1475 रुपये, विक्री शून्य. खोका उघडला तर तळाच्या दोन चादरींना ओल लागलेली, कुबट वास. सुती माल धुतला की वास जातो, पण तो कोरा राहत नाही, त्याची कांजी जाते. त्या दोन्ही चादरी सेकंडच्या, म्हणजे खोट असलेल्या मालाच्या भावात द्याव्या लागल्या. ज्यांच्या लग्नाचा आहेर चुकला ते आजही आम्हालाच दोष देतात, आणि त्यांना काय सांगावं हे मला अजून कळत नाही.

तेव्हापासून सहा चादरी एका खोक्यात जात नाहीत. तिनाची थप्पी करायची, आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, मग पॅकिंग पट्टी उभी-आडवी आवळायची आणि वरून विणलेल्या पोत्याचं कव्हर शिवायचं. 38 × 30 × 21 च्या आत बसलं की पाच किलो. 22 झालं की साडेपाच. ‘व्हॅक्यूम बॅग वापरा’ असं अनेक जण सुचवतात. वापरून पाहिल्या. चादरीच्या कडेच्या गाठी टोचून बारीकसं छिद्र पडतं, वाटेत हवा शिरते आणि पार्सल फुगतं. शिवाय जाड विणीत पडलेली सुरकुती धुतल्याशिवाय निघत नाही. मग तुम्हीच म्हणता, माल जुना दिलात.

गुलबर्ग्याचं उत्तर छोटं आहे. पार्सल सोलापुरातून थेट तिकडे जात नाही. संध्याकाळच्या गाडीने ते आधी पुण्याच्या हबला, म्हणजे उलट दिशेला अडीचशे किलोमीटर जातं, तिथे पिनकोडप्रमाणे लागतं आणि मग कर्नाटकाच्या गाडीत चढतं. घाई असेल तर ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवू, पण तिथे घरपोच काही नसतं. स्टँडवर येऊन तुम्हीच उतरवून घ्यायचं, आणि हरवलं तर कोणी दाद देत नाही. जानेवारीत सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यांवर गर्दी असते तेव्हा पिकअप दिवसभर पुढे जाऊ शकतो. तेव्हा तारीख मागू नका, आम्ही देणार नाही.

राहिलं फुकट डिलिव्हरीचं. पूर्वी मीही म्हणायचो, दीडशे रुपये चादरीच्या किमतीत घाला आणि ‘मोफत’ लिहा, सगळे तेच करतात. आता पटत नाही. तसं केलं तर इथे सोलापुरात चाटी गल्लीच्या बाजारात येऊन हातात चादर घेणाऱ्या माणसानेही गुवाहाटीच्या पार्सलचे पैसे का भरायचे? पण हेही खरं की कुरिअर वेगळं दाखवलं की निम्मे लोक शेवटच्या पानावरून परत जातात, आणि विणणाऱ्याला मजुरी विक्री झाल्यावरच मिळते. कधी वाटतं जुनं मत बरोबर होतं. दोन्ही हिशेब मांडून झालेत, एकही पूर्ण जुळत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी त्या उत्तर प्रदेशच्या पार्सलमुळे बंद केली. फक्त महाराष्ट्रात एका-दोन चादरींपुरती अजून ठेवली आहे, तीही कुरिअरचे पैसे आधी भरले तर. त्यापुढे पूर्ण रक्कम आगाऊ. पत्त्यात जवळची खूण आणि चालू असलेला दुसरा मोबाइल नंबर द्या. पिनकोड टपाल कार्यालयाचाच असू द्या, एक आकडा चुकला की पार्सल भलत्याच हबला जातं. लेबल आम्ही सपाट बाजूलाच चिकटवतो, कारण बारकोड घडीवर आला की मशीन वाचत नाही. वीसच्या वर चादरी हव्या असतील तर कुरिअर विसरा. गठ्ठा बांधून ट्रान्सपोर्टने टाकतो, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो पाठवतो, भाडं ‘टू पे’, म्हणजे माल घेताना तुम्ही द्यायचं, गोडाऊनवरून तुम्ही सोडवून घ्यायचं, हमाली तुमची. माल परराज्यात 50 हजारांच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची जीएसटीची ऑनलाइन नोंद लागते, त्यासाठी तुमचा जीएसटी नंबर ऑर्डरबरोबरच पाठवा.