जिमकाका माझ्याहून लहान

31 जुलै. सकाळपासून सगळ्या ग्रुपांवर रफीसाहेब, आणि असायलाच हवेत, 1980 साली आजच गेले ते. मी आपला दरवर्षीप्रमाणे अमेरिकन गायक जिम रीव्ह्जचा फोटो स्टेटसला टाकला तर ऑफिसातल्या पोराचा मेसेज, सर हे कोण, किती वर्षांचे होते? चहा ढवळता ढवळता हिशोब केला. जन्म 20 ऑगस्ट 1923, गेला 31 जुलै 1964. एक्केचाळीसला वीस दिवस कमी.

मला जूनमध्येच एक्केचाळीस पूर्ण झाली.

म्हणजे मी मोठा झालो की त्याच्याहून! दिवसभर डोक्यातून जाईचना. मामाच्या कॅसेटपासून तो जिमकाकाच, तो आवाज ऐकून कुणालाही वाटेल की साठीचा माणूस आहे, पोरं मार्गी लागलीयत, घाई कसलीच नाही. बेसबॉल खेळताना पायाची नस गेली म्हणून रेडिओवर निवेदक झाला, तिथून गाणं, आणि मग माईकला ओठ टेकवून ते हळू गाणं. 'ही'ल हॅव टू गो' तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ढकललेलं, 1960 मध्ये तेच 14 आठवडे अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिलं. मामाची टेप ताणली गेलेली, त्यामुळे सुरुवातीलाच 'फोन' शब्दाशी आवाज जरासा वाकायचा. अजून चांगल्या हेडफोनवर ऐकतानाही मी तिथे त्या वाकण्याची वाट बघतो.

हे सगळं त्याने चाळिशीपर्यंत उरकलं. आणि मी? मामा असता तर... जाऊ दे.

मला अजून गाडी धड रिव्हर्स लावता येत नाही, हा स्वतःचं विमान उडवायचा. तेच नडलं म्हणा. नॅशव्हिलजवळ वादळात सापडला, सोबत पियानो वाजवणारा डीन मॅन्युएल, दोन दिवस शोधत होते लोक. पुढे बायकोने, मेरीने, उरलेल्या टेप्स एकेक करून बाहेर काढल्या. 'डिस्टंट ड्रम्स' नुसता डेमो म्हणून गायलेलं, ते 1966 मध्ये इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या नंबरवर. माणूस जाऊन दोन वर्षं झालेली. माझ्या टेप्स कोण काढणार, ऑफिसच्या मीटिंगच्या?

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, अगं मी जिमकाकाहून मोठा झालो. ती म्हणे, मग आता नुसतं जिम म्हण.

म्हणून बघितलं. दोनदा. जमेना.

पोराला गाण्याची लिंक पाठवली, त्याने उलट रफीसाहेबांची पाठवली. ऐकतोय.